मिशनच्या वहीत आपला रकाना कुठे आहे?

एम.ए. करत असताना मेसचं बिल भागवायला मी एका संस्थेत अर्धवेळ काम करायचे. काम सोपं होतं. गावोगावच्या बैठकांची हजेरीपत्रकं यायची, ती संगणकात भरायची. एका रकान्याचं नाव होतं 'पोहोचलेले लाभार्थी'. एका वस्तीतल्या चाळीस बायका आरोग्याच्या बैठकीला आल्या की चाळीस. त्याच बायका बचत गटाच्या बैठकीला आल्या की आणखी चाळीस. त्यांनाच स्वच्छतेचं पोस्टर दाखवलं की पुन्हा चाळीस. वर्षाअखेरीला त्या वस्तीत जेवढी माणसं राहत नव्हती, तेवढे लाभार्थी आमच्या अहवालात जमा झाले होते.

त्या बायका बैठकीला का येतात, हे लिहायला मात्र रकाना नव्हता. मला ते ठाऊक होतं, कारण त्यांच्यात माझी मावशी होती. तिला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं होतं आणि संस्थेच्या माणसाची तहसील कचेरीत ओळख होती. मावशीचा स्वतःचा एक बेत होता. संस्था त्या बेताचा एक भाग होती. अहवालात मात्र उलटं छापलं गेलं: संस्थेचा बेत होता आणि मावशी त्याचा भाग होती.

पीएच.डी.साठी धर्मांतर आणि शिक्षण या विषयावर वाचताना मला तीच वही पुन्हा भेटली. या वेळी ती अमेरिकेतली होती.

'लुथरन चर्च–मिझुरी सिनड' ही अमेरिकेतल्या मोठ्या लुथरन चर्चसंस्थांपैकी एक. जर्मनीतून आलेल्या स्थलांतरितांनी ती १८४७ साली शिकागोत स्थापन केली; मुख्यालय सेंट लुईसला. तिचे बहुसंख्य सभासद आजही गोरे आहेत. प्यू संस्थेच्या २०१४ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ९५ टक्के निघालं. या चर्चनं एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'अब्लेझ' नावाची मोहीम काढली. २०१७ साली मार्टिन लूथरच्या धर्मसुधारणेला ५०० वर्षं पूर्ण होणार होती. तोवर जगातल्या १० कोटी माणसांपर्यंत सुवार्ता पोहोचवायची, हे लक्ष्य ठरलं. निम्मी माणसं अमेरिकेतली, निम्मी बाहेरची. सोबत १० कोटी डॉलर उभे करायची निधी-मोहीमही होती.

२०१० मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जेराल्ड कीशनिक हरले, मॅथ्यू हॅरिसन आले आणि ही मोहीम मागे पडली. आकड्यांच्या नादात लुथरन शिकवण पातळ होतेय, असं चर्चमधल्या सनातनी गटाचं म्हणणं होतं. मग नवी सूत्रं आली: साक्ष, करुणा, सहजीवन. परदेशातल्या कामाचे नवे अग्रक्रमही ठरले. त्यांत पहिला क्रमांक ठसठशीत लुथरन ओळख असलेल्या मंडळ्या उभारण्याचा आणि टिकवण्याचा, दुसरा धर्मशास्त्राच्या शिक्षणाचा. माणसांची सेवाही करायची, पण ती वचन आणि संस्कार यांच्या जवळ राहून.

म्हणजे वाद होता तो 'किती' आणि 'किती शुद्ध' यांच्यात. दोन्ही बाजूंच्या वहीत एक रकाना कोराच राहिला. जी माणसं आली ती कोण होती, काय मागायला आली होती, आणि पुढे त्यांचं काय झालं?

जातिअंताच्या चळवळीतल्या माणसानं अमेरिकेतल्या चर्चच्या हिशेबात का डोकावावं, असं कुणी विचारेल. उत्तर सरळ आहे. हे चर्च १८९५ पासून भारतात काम करतंय आणि तमिळनाडू-केरळातल्या त्याच्या मंडळ्यांमध्ये दलितांची संख्या मोठी आहे. हिशेब आपल्या माणसांचा आहे. तो तपासायचा हक्कही आपला आहे.

कोणी कोणाला शोधलं?

मिशनचा इतिहास नेहमी मिशनरीपासून सुरू होतो. तो जहाजातून उतरतो, भाषा शिकतो आणि मग 'लोकांपर्यंत पोहोचतो'. मिझुरी सिनडची भारतातली कथाही अशीच सांगितली जाते. सिनडनं १८९३ मध्ये परदेशात मिशन सुरू करायचं ठरवलं तेव्हा नजर जपानवर होती. त्याच सुमाराला जर्मनीच्या लाइपझिग मिशनमधून थिओडोर नेथर आणि फ्रान्झ मोन हे दोन मिशनरी बाहेर पडले. भांडण बायबलच्या दैवी प्रेरणेच्या सिद्धांतावरून होतं. दोघांनी तमिळ मुलखात काम केलेलं होतं. जपान राहिलं बाजूला आणि १८९५ मध्ये कृष्णगिरीत मिझुरी सिनडचं काम सुरू झालं. दोन जर्मनांच्या सैद्धांतिक भांडणामुळे एका अमेरिकन चर्चच्या परदेशी धोरणाची दिशा ठरली. त्यात भारतातल्या कुणाचाही विचार घेतलेला नव्हता.

आता नागरकोइलला या. १९०७ च्या सुमारास तिथलं काम सुरू झालं, ते सांबवर म्हणजे परैयर समाजातल्या ख्रिस्ती लोकांनी मिझुरीच्या मिशनरींना बोलावणं धाडलं म्हणून. हे लोक आधीच ख्रिस्ती होते. पण तिथल्या लंडन मिशनच्या मंडळ्यांत नाडार समाजाचं वर्चस्व होतं. नाडारांचाही इतिहास आपण विसरता कामा नये. त्यांच्या बायकांना छाती झाकायचा हक्क मिळवायला त्रावणकोरात १८५९ पर्यंत झगडावं लागलं. तरी त्यांच्या खाली आणखी एक पायरी होती आणि त्या पायरीवरच्या माणसांना चर्चमध्येही ती जाणवत होती. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच. सांबवरांनी या पेचातून वाट काढली. दुसरं चर्च शोधलं, त्याला बोलावलं, आपल्या वस्तीत आणलं. सिनडच्या इतिहासात ही 'नव्या क्षेत्रात कामाचा विस्तार' अशी नोंद होते. मी त्याला सांबवरांची रणनीती म्हणेन.

याच भागात शंभर वर्षं मागे गेलं तर हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. मयिलाडी गावचा महारासन हा सांबवर माणूस चिदंबरमच्या यात्रेला गेला, तिथे त्याचं मन विटलं आणि तंजावरला त्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याचं नाव वेदमाणिक्कम झालं. गावात मिशनरी यावा म्हणून यानंच खटपट केली. रिंगलटॉबे हा प्रशियातला, लुथरन परंपरेतला मिशनरी १८०६ मध्ये त्रावणकोरात पोहोचला तो या खटपटीमुळे. १८१६ मध्ये रिंगलटॉबे निघून गेला तेव्हा कामाची धुरा त्यानं वेदमाणिक्कम यांच्या हाती दिली. दक्षिण त्रावणकोरात प्रोटेस्टंट चर्च आणणारा माणूस दलित होता. त्याला 'पहिला धर्मांतरित' म्हणायचं की 'पहिला संघटक', हे वही कोण लिहितो त्यावर ठरतं.

आणि हे फक्त भारतातच घडलं असं नाही. मिझुरी सिनडच्या स्वतःच्या देशात काय घडलं ते पाहा. सिनडचे संस्थापक नेते सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात गुलामी मुळात पाप नाही अशी भूमिका घेतली होती. त्याच परंपरेच्या दारात अर्ध्या शतकानंतर अलाबामातली रोझा यंग ही कृष्णवर्णीय शिक्षिका उभी राहिली. रोझबड गावात ती शेतमजुरांच्या मुलांसाठी शाळा चालवायची. कापसावर कीड पडली, पालकांकडे फी द्यायला पैसे उरले नाहीत, शाळा बंद पडायची वेळ आली. तिनं बुकर टी. वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं. त्यांनी लुथरनांकडे मदत मागायला सुचवलं. तिनं मागितली आणि मिळवली. पुढे १९२२ मध्ये सेल्मा शहरात कृष्णवर्णीयांसाठी जी लुथरन शिक्षणसंस्था सुरू झाली तिच्या मुळाशी रोझा यंग यांचं काम होतं. तिला शाळा वाचवायची होती. चर्चनं तिच्या आसपास उभ्या राहिलेल्या मंडळ्या मोजल्या.

वेदमाणिक्कम, नागरकोइलचे सांबवर, रोझा यंग. तिघांचेही स्वतःचे बेत होते. आणि माझ्या मावशीचाही होता. शोषित माणूस मिशनकडे रिकाम्या हातानं, रिकाम्या डोक्यानं येत नाही. तो हिशेब करून येतो. म्हणून मिशनचं मूल्यमापन करायचं तर मिशननं काय ठरवलं होतं इथून सुरुवात करून चालणार नाही. या माणसांनी काय ठरवलं होतं आणि मिशनच्या मदतीनं ते कुठवर गेलं, इथून सुरुवात करावी लागेल.

प्याल्याचा प्रश्न

यावर चर्चमधला माणूस म्हणेल, 'आमचं उद्दिष्ट आत्म्याचं तारण आहे, जातिनिर्मूलन नव्हे. आम्हाला आमच्या उद्दिष्टानं मोजा.' मुद्दा रास्त आहे. चला, त्यांच्याच मापानं मोजू.

लुथरनांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात चर्च कशाला म्हणायचं हे सांगितलं आहे. जिथे सुवार्ता शुद्धपणे शिकवली जाते आणि संस्कार योग्य रीतीनं दिले जातात, ते चर्च. संस्कार म्हणजे बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन, म्हणजे एक भाकर, एक प्याला.

आता तरंगमबाडीला जाऊ. भारतातलं लुथरन मिशन १७०६ मध्ये तिथे सुरू झालं. डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयानं झीगनबाल्ग आणि प्ल्युत्शाउ हे दोघे जर्मन तिथे उतरले. १७३३ मध्ये आरोन या वेल्लाळ जातीच्या माणसाला पाळक म्हणून दीक्षा मिळाली. भारतातला तो पहिला लुथरन पाळक. काही वर्षांनी राजनायकन या परैयर प्रचारकाचं नाव पुढे आलं. तंजावर भागात त्यानं मोठं काम उभं केलं होतं. पण त्याला दीक्षा दिली नाही. कारण उघड होतं: वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत.

नीट पाहा, इथे नापास झालेली गोष्ट समाजसेवा नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. इथे प्यालाच नापास झाला. ज्या खुणेवरून चर्च ओळखायचं तीच खूण जातीनं बाद केली. म्हणजे जात हा लुथरन धर्मशास्त्राच्या बाहेरचा 'सामाजिक प्रश्न' कधीच नव्हता. तो पहिल्या दिवसापासून सिद्धांताचाच प्रश्न होता. पण तसा तो मानला गेला नाही. एकोणिसाव्या शतकात लाइपझिग मिशनचे कार्ल ग्राउल भारत पाहून गेले आणि जात ही बव्हंशी नागरी रीत आहे, ती हळूहळू विरेल, या मताला चिकटून राहिले. मद्रासमधल्या इतर प्रोटेस्टंट मिशनांनी १८५० मध्ये जातीविरुद्ध कडक ठराव केला, तेव्हाही लाइपझिग वेगळंच राहिलं. नेथर आणि मोन याच लाइपझिगमधून बाहेर पडले होते. ते कशावरून बाहेर पडले हे वर आलंच आहे. बायबलचा शब्द न् शब्द खरा की नाही, यावर नोकरी गेली तरी चालेल, इतकं ते महत्त्वाचं होतं. जातीवरून त्यांनी असा काडीमोड घेतला नाही.

सिद्धांताची शुद्धता आजही मिझुरी सिनडच्या परदेशी धोरणाचा कणा आहे. म्हणून हा प्रश्न आजही विचारायला हवा. जो सिद्धांत इतका जपायचा, त्यात जात बसते की नाही? लुथरन जगात याचं एक उदाहरण आहे. 'लुथरन वर्ल्ड फेडरेशन' या जागतिक संघटनेनं १९७७ मध्ये दार-ए-सलामला वर्णभेद हा थेट श्रद्धेचाच प्रश्न असल्याचं जाहीर केलं आणि १९८४ मध्ये बुडापेस्टला दक्षिण आफ्रिकेच्या भागातल्या दोन गोऱ्या चर्चचं सदस्यत्व निलंबित केलं. मिझुरी सिनड त्या संघटनेत नाही. पण त्या संघटनेनंही जातीबाबत एवढं पाऊल उचललं नाही. २००९ मध्ये बँकॉकला दलितांच्या न्यायासाठी जागतिक चर्च परिषदेसोबत मोठी परिषद घेतली, ठराव केले. निलंबन कुणाचं झालं नाही. कातडीच्या रंगाला जे लागू झालं, ते जातीला लागू झालं नाही.

१९६५ चा आरसा

मिझुरी सिनडनं स्वतःचं मूल्यमापन कधीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकदा केलं होतं, आणि ते करणारा माणूस भारतात राहून गेलेला होता.

मार्टिन क्रेट्झमन हे भारतात अनेक वर्षं काम केलेले मिझुरीचे मिशनरी. सिनडच्या संपूर्ण मिशनकार्याच्या आत्मपरीक्षणाचं काम त्यांच्याकडे आलं. त्यातून निघालेले ठराव १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या अधिवेशनात मंजूर झाले. सार असं की चर्चकडे मिशन 'असतं' असं नाही, चर्च स्वतःच देवाचं मिशन आहे. ते सगळ्या जगासाठी आहे, सगळ्या समाजासाठी आहे आणि सगळ्या माणसासाठी आहे. म्हणजे आत्मा एकीकडे आणि पोट, मजुरी, मान दुसरीकडे, अशी माणसाची वाटणी करता येणार नाही. आणखी एक गोष्ट त्यात होती: मिशन जसं जगाकडे जातं तसं ते चर्चकडेही वळतं. चर्चलाही बदलावं लागतं.

मला हे वाचताना वाटलं की भारतात राहिलेल्या माणसाला हे सुचणं स्वाभाविक होतं. ज्यानं दलित वस्तीतली मंडळी जवळून पाहिली आहे, त्याला आत्मा आणि भाकर यांची फाळणी पटणार कशी?

पण हा आरसा फार काळ भिंतीवर राहिला नाही. १९६९ मध्ये सिनडचं नेतृत्व सनातनी गटाकडे गेलं. १९७४ मध्ये सेंट लुईसच्या धर्मशास्त्र महाविद्यालयातले बहुसंख्य प्राध्यापक आणि विद्यार्थी बाहेर पडले. त्याच वर्षी मिशन मंडळाचे प्रमुख विल्यम कोन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. त्यानंतर धोरणाचा काटा आधी शुद्धतेकडे, मग 'अब्लेझ'च्या आकड्यांकडे, मग पुन्हा शुद्धतेकडे असा झुलत राहिला. 'सगळा समाज, सगळा माणूस' ही भाषा मधल्या मध्ये राहून गेली.

स्वायत्तता मिळाली, पाया मिळाला का?

मिशननं काय दिलं हे नाकारायचं कारण नाही. आंबूरला शाळा आणि रुग्णालय उभं राहिलं. नागरकोइलला १९२४ मध्ये पाळक घडवणारी सेमिनरी आली. ज्या घरांत अक्षर नव्हतं तिथे शिक्षक तयार झाले. आपल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये गिरवले. ही मिशनं लुथरन नव्हती, पण गोष्ट तीच: त्यांनी शाळा घेतली आणि वाट स्वतःची काढली. छोटानागपुरात बिरसा मुंडांनीही चाईबासाच्या जर्मन लुथरन मिशनच्या शाळेत अक्षरं गिरवली आणि नंतर त्याच मिशनकडे पाठ फिरवली. शाळा देणाऱ्याला शिकणाऱ्यानं कुठे जायचं हे ठरवता येत नाही. शिक्षणाचं खरं यश मला तरी यातच दिसतं.

प्रश्न त्यापुढचा आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी मिझुरीच्या भारतातल्या मिशनचं रूपांतर 'इंडिया इव्हँजेलिकल लुथरन चर्च' या स्वायत्त संस्थेत झालं. कागदावर सत्ता भारतीयांकडे आली. पण जी मंडळी शेतमजुरांची आणि चामड्याच्या कारखान्यांतल्या कामगारांची होती, तिला एवढी रुग्णालयं, शाळा, बंगले आणि जमिनी चालवायचं आर्थिक बळ कुठून येणार होतं? परदेशी मदत हळूहळू आटत गेली आणि मालमत्ता मागे राहिली. जिथे उत्पन्नाचं दुसरं साधन नसतं, तिथे संस्थेतलं पद हेच साधन बनतं. मग निवडणुका आणि मालमत्ता यांवरून भांडणं कोर्टात गेली, कोर्टानं नेमलेल्या प्रशासकांच्या हाती कारभार जाण्याची वेळ आली. याला 'त्या लोकांना संस्था चालवता येत नाही' असं म्हणणं सोपं आहे. आपल्या वस्त्यांमधल्या पतसंस्था, वसतिगृहं, विहारांचे ट्रस्ट याबद्दलही असंच बोललं जातं. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून एवढंच म्हणेन की पन्नास-साठ वर्षं निर्णय स्वतःकडे ठेवायचे आणि मग एका अधिवेशनात किल्ल्या हातात द्यायच्या, यातून संस्था चालवायचं शिक्षण होत नसतं.

सेल्माची गोष्ट याहून कडवट आहे. रोझा यंग यांच्या कामातून उभं राहिलेलं ते कॉलेज, अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं एकमेव लुथरन कॉलेज, पैशाअभावी २०१८ मध्ये बंद झालं. म्हणजे धर्मसुधारणेच्या ५०० व्या वर्षाच्या सोहळ्यानंतर काही महिन्यांतच. १० कोटी माणसांपर्यंत पोहोचायचं स्वप्न पाहणाऱ्या चर्चला घरातलं एक कॉलेज तगवता आलं नाही. रोझा यंग हिशेब मांडायला असती, तर तिनं वहीचं पहिलं पान यालाच दिलं असतं.

बाबासाहेबांचं माप

बाबासाहेबांनी मिशनचं मूल्यमापन आपल्या आधी करून ठेवलं आहे. त्यांच्या समग्र लेखनाच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती मिशन आणि धर्मांतरित अस्पृश्य यांवरचे दोन निबंध आहेत. ते जरूर वाचा. मिशनांनी केलेल्या सेवेचं मोल ते मान्य करतात. मग विचारतात की या खर्चाचा लाभ कुणाला झाला? शाळा-कॉलेजं आणि दवाखान्यांचा मोठा फायदा वरच्या जातीच्या हिंदूंना मिळाला आणि ज्या गरीब अस्पृश्यांच्या संख्येवर मिशन उभं होतं ते मागे राहिले, हा त्यांचा आक्षेप आहे. धर्मांतरानंतर जात गेली का, आणि अन्यायाविरुद्ध उभं राहायची धग त्या माणसात आली का, हे त्यांचे प्रश्न आहेत. किती जण आले, हा त्यांच्यासाठी शेवटचा प्रश्न नव्हता. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर १९५६ पर्यंत ते थांबले. अनेक धर्म तपासले. एवढा काळ एखादा माणूस मापच तयार करत होता, असं मला वाटतं.

हे माप हातात घेतलं की आपली टीका आणि हिंदुत्ववाद्यांची टीका यांत गल्लत होत नाही. त्यांचा आक्षेप असा की मिशननं माणसं 'पळवली'. या आक्षेपात दलित माणूस पुन्हा एकदा बिनडोक ठरतो. कुणीतरी नेलं म्हणून गेलेला. वेदमाणिक्कमचं बोलावणं त्यांनाही दिसत नाही आणि मिशनच्या अहवालालाही दिसत नाही. धर्मांतरबंदीचे कायदे करणाऱ्यांना त्या माणसाच्या भल्याची काळजी असती, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातली धर्माची अट केव्हाच गेली असती. शीख दलितांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या आदेशात जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगानं २००७ मध्ये ही अट काढायची शिफारस केली. २०२२ मध्ये सरकारनं बालकृष्णन आयोग नेमला. गावात त्याला वेगळा पेला, वेगळं स्मशान, पण कागदावर तो अनुसूचित जातीचा नाही. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर इथल्या कॅथलिक दफनभूमीत जातीची भिंत उभी आहे. राज्याच्या वहीत ती भिंत नाही आणि चर्चच्या वहीतही नाही.

त्यातच २०२० च्या दुरुस्तीनं परदेशी निधी एका संस्थेनं दुसरीला देण्यावर बंदी आली. परदेशी मिशनांची जुनी रीत, म्हणजे मोठ्या संस्थेमार्फत छोट्या मंडळ्यांना पैसा, आता जवळपास अशक्य आहे. या सक्तीचा त्रास गरीब मंडळ्यांनाच सर्वांत जास्त होईल. तरी यातून एक गोष्ट अधोरेखित होते: ज्या कामाचा पाया स्थानिक माणसाच्या पैशावर आणि निर्णयावर नाही, ते एका कायद्यानं थांबू शकतं.

मग मिझुरी सिनडच्या परदेशी धोरणाबद्दल माझं मत काय? त्याची उद्दिष्टं स्पष्ट आहेत, पण त्यात पलीकडच्या माणसाच्या उद्दिष्टाला जागा नाही. शाळा आणि सेमिनरी ही त्याची खरी कमाई आहे. शुद्धतेच्या आग्रहात जातीला सिद्धांताचा प्रश्न न मानणं ही त्याची मोठी चूक आहे, आणि ती त्याच्याच कबुलीजबाबाच्या मापानं चूक आहे. दुरुस्तीची वाटही लुथरनांच्याच घरात आहे. १९६५ चे ठराव आहेत. चेन्नईच्या गुरुकुल लुथरन महाविद्यालयात अरविंद निर्मल यांच्यासारख्यांनी घडवलेलं दलित धर्मशास्त्र आहे, जे दलिताच्या वेदनेपासून आणि दलिताच्या प्रश्नापासून सुरू होतं. परदेशी चर्चनं भारतात शिकवायला येण्याआधी तिथे शिकायला बसायला हरकत नाही.

शेवटचं बोलणं आपल्याशी. आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. आपल्याला नोकऱ्या मिळतात त्यांतल्या पुष्कळ अशाच वह्या भरायच्या असतात: फाउंडेशनच्या, फेलोशिपच्या, सरकारी योजनेच्या, कधी आपल्याच संघटनेच्या. आपल्या मेळाव्यांचे अहवालही 'हजारोंच्या उपस्थितीत' इथेच थांबतात. कोण आलं, काय मागायला आलं, काय घेऊन गेलं, पुढच्या बैठकीत खुर्चीवर कोण बसलं, हे रकाने आपणही रिकामे ठेवतो. मिशनला विचारलेले प्रश्न आधी स्वतःला विचारायची तयारी नसेल, तर ही सगळी टीका पोकळ ठरेल.

ती नोकरी सोडताना मी शेवटच्या अहवालात एक ओळ जास्तीची लिहिली होती: 'एका महिलेच्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढलं.' वरच्या साहेबांनी ती काढून टाकली. म्हणाले, हे आपल्या प्रकल्पात बसत नाही. मावशीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "अगं, मग त्यांचा प्रकल्प माझ्यात बसला म्हण."

जय भीम.